कयाधूचे कुलूप

वैशाखात कयाधू पाहणाऱ्याला ही नदी आहे हे सांगावे लागते. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात उगम पावून ती सेनगाव, हिंगोली, कळमनुरी असे तालुके ओलांडत पैनगंगेकडे जाते. संत नामदेवांचे नरसी तिच्याच काठी. पावसाळ्यात ती फुगते, दसरा-दिवाळीपर्यंत खळखळते आणि संक्रांत उलटली की हळूहळू वाळू, गोटे आणि मधूनच एखादा डोह एवढीच उरते. मराठवाड्याच्या पाण्याविषयी आजवर जे लिहिले-बोलले गेले, त्यात हे कोरडेपण कायम उणिवेच्या खात्यात मांडले गेले. ते बरोबरच आहे. तहानेचे कौतुक करणे हा पोटभर पाणी प्यायलेल्यांचा छंद आहे. तरीही एका बाबतीत हे कोरडेपण कुलपासारखे काम करत होते. ज्या तरंगत्या वनस्पतीने बंगालची तळी, कालवे आणि नद्या बुजवल्या, जिच्यासाठी ब्रिटिश सरकारला एकामागून एक कायदे करावे लागले, तिला हिंगोलीच्या शिवारात बारा महिने टेकायला जागाच नव्हती. हे कुलूप आपण गेल्या साठ-पासष्ट वर्षांत उघडले. ते उघडायलाच हवे होते. पण दार उघडल्यावर तिथे राखण बसवायची असते, हे कोणाच्या लक्षात आले नाही. जलपर्णी कशी रोखायची हा प्रश्न आज विचारला जातो तेव्हा उत्तर फवारणीच्या पंपात आणि यंत्रांच्या निविदांत शोधले जाते. माझ्या मते ते या राखणीत शोधायला हवे, आणि इथल्या पाण्याचा इतिहास त्याला पुरेसा पुरावा देतो.

आधी एक घोळ निस्तरू. पाण्यावर हिरवा थर दिसला की आपण सरसकट ‘शेवाळ आले’ म्हणतो. शेवाळाला मूळ नाही, पान नाही, फूल नाही. ते बहुतेक वेळा पाण्यात आधीपासूनच सूक्ष्म रूपात असते आणि खाद्य मिळाले की फोफावते. जलपर्णी ही मात्र चांगली मुळे-पाने-फुले असलेली वनस्पती आहे आणि ती इथली नाही. कोल्हापूरकडे तिला केंदाळ म्हणतात. तिचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉनच्या खोऱ्यात. देठ फुगीर, आत हवेच्या पोकळ्या, म्हणून ती बुडत नाही. फूल जांभळट निळे, वरच्या पाकळीवर मोराच्या पिसासारखा पिवळा डोळा. हे फूलच तिचे पारपत्र ठरले. आयखॉर्निया हे तिचे शास्त्रीय नाव प्रशियाच्या आयखहॉर्न नावाच्या मंत्र्यावरून ठेवलेले. २०१८ पासून शास्त्रज्ञ तिला पॉन्टेडेरिया या प्रजातीत धरतात. नाव बदलले तरी वागणूक तीच. एका रोपाला आडवा धुमारा फुटतो, त्याच्या टोकाला दुसरे रोप, त्याला तिसरे. उबदार आणि खतावलेल्या पाण्यात दोनएक आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होतो. शिवाय ती बी धरते. बी तळाच्या गाळात जाऊन बसते आणि पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते. उपटून टाकलेली रोपे सगळ्यांना दिसतात, गाळातले बी कोणालाच दिसत नाही. जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाने, म्हणजे आयपीबीईएसने, २०२३ मध्ये परक्या आक्रमक जातींचा जागतिक आढावा प्रसिद्ध केला, त्यात जगात सर्वाधिक पसरलेली आक्रमक जात म्हणून जलपर्णीचेच नाव आहे.

ती आपल्या देशात चालत आली नाही, तिला बोलावले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये शोभेचे रोप म्हणून पोहोचली आणि दोन-तीन दशकांत तिथल्या पाण्यावर पसरली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ‘हे जर्मनांचे काम’ अशी वदंता उठली आणि लोक तिला ‘जर्मन पाना’ म्हणू लागले. नको असलेल्या रोपाला परक्याचे नाव चिकटवण्याची ही खोड फार जुनी. केरळात साल्विनिया नावाचे तरंगते नेचे पसरले तेव्हा त्याला ‘आफ्रिकन पायल’ म्हटले गेले. आपल्याकडच्या गाजर गवताला तर एका राजकीय पक्षाचे नाव मिळाले. नाव ठेवले की दोष दुसऱ्याचा झाला, आणि रोप कोणाच्या हातून, कोणत्या वाटेने आले हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. ब्रह्मदेशात १९१७ मध्ये, आसामात १९२६ मध्ये आणि बंगालमध्ये १९३६ मध्ये जलपर्णीविरुद्ध कायदे झाले. मधल्या काळात, १९२१ मध्ये, बंगाल सरकारने जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत जलपर्णीचे उच्चाटन हे पक्षांच्या जाहीरनाम्यातले वचन होते. एखाद्या तणाने निवडणुकीच्या मंडपात एवढी मानाची जागा क्वचितच मिळवली असेल. अमेरिकेने तर यापुढची मजल मारली. लुइझियानाचे खासदार रॉबर्ट ब्रूसार्ड यांनी १९१० मध्ये आफ्रिकेतून पाणघोडे आणण्याचे विधेयक मांडले. पाणघोडे जलपर्णी खातील आणि अमेरिकन माणसे पाणघोडे खातील, असा दुहेरी फायद्याचा हिशेब होता. विधेयक मंजूर झाले नाही, नाहीतर आज पाणघोड्यांच्या बंदोबस्ताचाही इतिहास लिहावा लागला असता.

या कायद्यांची यादी वाचताना एक गोष्ट ठळक होते. ते सगळे ओल्या मुलखांचे आहेत, आणि ते सगळे रोप पसरल्यानंतरचे आहेत. बंगालच्या कायद्याने रोप बाळगणे, वाढवणे याला मनाई केली आणि आपल्या ताब्यातल्या जागेतून ते काढण्याचा भार मुख्यतः त्या जागेच्या कब्जेदारावर, म्हणजे रयतेवर टाकला. बंगालच्या त्रिभुज प्रदेशाचा इतिहास लिहिणारे इफ्तेखार इक्बाल यांनी या प्रकरणाची दुसरी बाजू पुढे आणली आहे. रेल्वेसाठी आणि रस्त्यांसाठी जे उंच भराव घातले गेले त्यांनी पाण्याचे वाहणे अडवले, जागोजागी पाणी तुंबले आणि तुंबलेल्या पाण्यात जलपर्णीला हवे ते सगळे मिळाले, असे ते दाखवतात. म्हणजे ज्या सरकारने पाणी अडवले त्याच सरकारने रोपाचा दंड शेतकऱ्याला लावला. इथे रेल्वे वाईट होती असा निष्कर्ष काढणे बालिशपणाचे होईल. मुद्दा एवढाच की जलपर्णीचा नकाशा आणि माणसाने पाणी थांबवल्याचा नकाशा एकमेकांवर ठेवले तर ते बरेचसे जुळतात. बंगालमध्ये ही जुळणी नकळत झाली. हिंगोलीत पाणी जाणूनबुजून, योजना आखून थांबवले गेले.

हिंगोली हा जिल्हा म्हणून अगदी नवा. १ मे १९९९ रोजी तो परभणीतून वेगळा झाला. गाव मात्र जुने. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिन्जंटची छावणी इथे होती आणि १९०३ मध्ये ते सैन्य हिंदुस्थानी लष्करात विलीन होईपर्यंत हिंगोलीचे नाव लष्करी कागदोपत्री झळकत राहिले. त्या काळातले इथले पाणी म्हणजे पावसाळी नद्या, आड, विहिरी, बारवा, देवळांची कुंडे आणि थोडे गावतलाव. विहीर आणि बारव खोल, सावलीतली, अरुंद. ऊन मागणाऱ्या तरंगत्या रोपाला ती अडचणीची. उथळ गावतलाव चैत्र-वैशाखात तळ दाखवायचे. पाणी आटले की लोक गाळ काढून शेतात टाकत. कोणतेही तरंगते रोप चुकून आलेच, तर उन्हाळ्याची दोन महिन्यांची भट्टी त्याला पार करावी लागे. पूर्णा आणि पैनगंगा या मोठ्या नद्यांनाही उन्हाळ्यात धार बारीक असे आणि पुराच्या लोंढ्यात तरंगते सगळे वाहून जाई. ही काही कोणी आखलेली व्यवस्था नव्हती. ती हवामानाची आणि गरिबीची करामत होती, पण तिचा परिणाम खरा होता.

मग पाणी थांबले. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पूर्णा प्रकल्पाची उभारणी सुरू झाली आणि १९६८ मध्ये येलदरी आणि सिद्धेश्वर ही एकाखाली एक असलेली दोन धरणे उभी राहिली. येलदरीचा एकूण साठा सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे दलघमी; पायथ्याला साडेबावीस मेगावॉटचे वीजघर. तिथून सुटलेले पाणी औंढा नागनाथ तालुक्यातल्या सिद्धेश्वरमध्ये येते आणि तिथून कालव्याने वसमतकडे, पुढे परभणी-नांदेडच्या शिवारात जाते. सिद्धेश्वरचा एकूण साठा २५० दलघमीच्या आसपास असला तरी उपयुक्त साठा जेमतेम ८१ दलघमी, उरलेला मृतसाठा. शेतकऱ्याच्या दृष्टीने मृतसाठा म्हणजे ताटात दिसणारे पण हाताला न लागणारे अन्न. जलपर्णीच्या दृष्टीने तोच सगळ्यात जिवंत साठा, कारण कालवा बंद झाला तरी ते पाणी तिथेच राहते. १९८२ मध्ये पैनगंगेवर कळमनुरीच्या अंगाला इसापूर धरण आले, त्याचा उपयुक्त साठा ९६४ दलघमी. दरम्यान १९७२ च्या दुष्काळाने राज्यभर रोजगार हमीची कामे काढली आणि त्यातून माळामाळावर पाझर तलाव खणले गेले. नद्यांवर कोल्हापुरी बंधारे आले. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली आणि प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली, पाणी जिरू न देणारी तळी शेताशेतांत दिसू लागली. वसमतच्या ज्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्यामागेही हेच थांबवलेले पाणी आहे. जे रोप उन्हाळ्यात मरायचे, त्याला आता मोठ्या धरणापासून छोट्या शेततळ्यापर्यंत मुक्कामाच्या जागांची साखळीच मिळाली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. मराठवाड्यात पाण्याचीच मारामार. धरणे वर्षाआड तळाला जातात, पाझर तलाव होळीलाच आटतात. इथे जलपर्णीची चिंता करणे म्हणजे उपाशी माणसाला लठ्ठपणाचे तोटे सांगणे. हा आक्षेप गंभीर आहे, पण तो रोपाकडे पाहतो आणि बियांना विसरतो. जलपर्णीचे बी खोल पाण्याखाली फारसे उगवत नाही. पाणी ओसरून उघडा पडलेला, उबदार, ओलसर गाळ आणि त्यावर भरपूर उजेड हे त्याला मानवते. आपले धरण दरवर्षी नेमके हेच करते: दिवाळीनंतर पाणी उतरू लागते, काठाचा पट्ट्यापट्ट्याने उघडा पडणारा गाळ ऊन खातो आणि आषाढात पाणी पुन्हा चढते. म्हणजे पूर्ण कोरडे पडणारे तळे जलपर्णीच्या रोपाला मारते, पण अर्धवट उतरणारे धरण तिच्या बियांना रोपवाटिकेचे काम देते. जुने कुलूप पूर्ण कोरडेपणाचे होते. अर्धे कोरडेपण हे कुलूप नव्हे, ती उघडझाप करणारी खिडकी आहे. शिवाय दुष्काळी भागात एकदा जलपर्णी आली तर तिचे नुकसान इतरांपेक्षा जास्त, कमी नव्हे. तिच्या पानांतून होणारे बाष्पोत्सर्जन उघड्या पाण्याच्या बाष्पीभवनापेक्षा अधिक असल्याचे बहुतेक मोजण्या सांगतात. नेमके किती, यावर अभ्यासकांचे आकडे जुळत नाहीत. ज्या जिल्ह्यात थेंबाचा हिशेब होतो तिथे तो फरक थोडा असला तरी खिशाला कळतो.

आता वाटा पाहू. धरण आणि कालवा ही पाण्याची वाट झाली, पण जलपर्णी पाण्याच्या वाटेने फक्त खाली जाते. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात, खालून वर, तलावातून शेततळ्यात तिला माणूसच नेतो. याचे उत्तम उदाहरण तिच्याच जातकुळीचे नसले तरी तिच्याच देशीचे आहे, आणि ते मराठवाड्यात प्रत्येकाने पाहिले आहे: बेशरम. कालव्याच्या आणि तलावाच्या काठाने गुलाबी फुले मिरवणारे हे झुडूपही दक्षिण अमेरिकेतलेच. काठाची माती धरून ठेवेल, कुंपणाला होईल, म्हणून लोकांनी आणि खात्यांनी ते आपल्या हाताने लावले. जनावर त्याला तोंड लावत नाही, कारण ते विषारी आहे. तोडून फेकलेली फांदी पडेल तिथे मूळ धरते. नाव लोकांनी अचूक ठेवले, फक्त त्या नावाचा वाटा लावणाऱ्यांनाही द्यायला हवा होता. जलपर्णीच्या वाटा अशाच साध्या असतात. अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत ‘छान फूल आहे’ म्हणून आणलेले एक रोप. मत्स्यबीजाच्या पिशवीतले पाणी, जे बोटुकलीबरोबर तलावात ओतले जाते. एका तलावातून दुसऱ्या तलावात नेलेले ओले जाळे, थर्माकोलचा तराफा, ट्रॅक्टरचा पाण्याचा टँकर. आणि सगळ्यात दुर्लक्षित वाट म्हणजे गाळ. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेतून तलावांतला गाळ शेतात नेण्याच्या जुन्या चालीला सरकारी बळ मिळाले. योजना चांगली आहे, मातीला गाळ हवाच. पण ज्या तलावात जलपर्णी नांदून गेली आहे तिथला गाळ म्हणजे बियाण्याची कोठी, आणि तो गाळ शेततळ्याच्या बांधावर पडला तर पंधरा वर्षे वाट पाहायची त्यातल्या बियांची तयारी असते.

ही राखण कशी करतात याचा एक धडा फार दूरून आला आहे आणि तो खऱ्याखुऱ्या शेवाळाचा आहे. डिडिमो नावाचे एक सूक्ष्म शैवाल थंड, स्वच्छ डोंगरी नद्यांत दगडांवर तपकिरी, लोकरीसारखा थर धरते. तिकडचे लोक त्याला चक्क ‘खडकावरचा शेंबूड’ म्हणतात. २००४ मध्ये ते न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर सापडले. एका ओल्या बुटातला पाण्याचा थेंबसुद्धा ते वाहून नेऊ शकतो हे कळल्यावर सरकारने मासेमाऱ्यांना आणि नावाड्यांना तीनच शब्दांचा नियम दिला: तपासा, धुवा, वाळवा. साबणाच्या पाच टक्के पाण्याने धुवायचे, आणि वाळवायचे म्हणजे हाताला कोरडे लागल्यावर पुढे आणखी ४८ तास. पाणी धरून ठेवणारे नमद्याच्या तळव्याचे बूट तर तिथे बंदच झाले. या कथेलाही एक आक्षेप चिकटलेला आहे आणि तो टाळणे बरे नव्हे. पुढे काही शास्त्रज्ञांनी दाखवले की डिडिमोचे जाड थर पाण्यात फॉस्फरस अगदी कमी असतो तेव्हा तयार होतात, आणि अनेक देशांत ते शैवाल आधीपासूनच असावे, फक्त परिस्थिती बदलल्यावर दिसू लागले. म्हणजे बूट धुण्याचा खटाटोप वाया गेला का? न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर त्याचे थर पसरलेले आढळले नाहीत. ते नियमामुळे की तिथल्या फॉस्फरसने जास्त असलेल्या पाण्यामुळे, यावर वाद आहे. हिंगोलीच्या उबदार पाण्यात डिडिमो येण्याची शक्यता नाही, त्यामुळे तो वाद आपण त्यांच्याकडेच ठेवू. पण जलपर्णीच्या बाबतीत असा संशय उरत नाही: ती इथली नाही, डोळ्यांना दिसते, हाताने पकडता येते. शैवालासाठी ज्यांनी बूट धुतले त्यांच्यापेक्षा आपले काम सोपे आहे. आणि तीन शब्दांतला शेवटचा शब्द, वाळवा, तर हिंगोलीत मेमध्ये फुकट मिळतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. सांडपाणी हेच मूळ कारण, ते थांबवा, जलपर्णी आपोआप जाईल. वाटा राखणे म्हणजे रोग सोडून पुरळाला मलम लावणे, असे पुष्कळ जाणकार म्हणतात. त्यांच्याजवळ पुरावा आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे पाणी पोटात घेणाऱ्या उजनीच्या जलाशयाची दशा सगळ्यांना ठाऊक आहे. कोल्हापूरच्या रंकाळ्याने केंदाळही पाहिले आणि पाणी हिरवे करणारे मायक्रोसिस्टिस शेवाळही पाहिले. दोन्हींचे पोट एकाच खाद्यावर भरते, म्हणून केंदाळ काढले तरी खाद्य शिल्लक राहिले की तलाव स्वच्छ होत नाही, एवढे त्यातून नक्की कळते. हे सगळे मान्य करूनही माझा मतभेद क्रमाबद्दल आहे. सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र उभे राहायला वर्षे लागतात, आणि शेतातून वाहून येणाऱ्या खताला तर नळच नसतो जो बंद करता येईल. उसाच्या, हळदीच्या, केळीच्या शिवारातून पावसाळी पाण्याबरोबर नत्र आणि स्फुरद जलाशयात उतरत राहणार. चूल पेटलेली आहे हे खरे, पण म्हणून घरात रॉकेलचा डबा उघडा ठेवावा असे कोणी म्हणत नाही. खाद्य आणि रोप दोन्ही लागतात तेव्हाच जलाशय झाकला जातो. त्यांतले खाद्य कमी करणे महागडे आणि लांबणीचे, रोप येऊ न देणे स्वस्त आणि आजचे. दोन्हींत निवड करा असा आग्रह मुळात कोणी धरू नये, पण एकाच्या नावाखाली दुसरे टाळले जाते, तेव्हा ते बोलून दाखवावे लागते.

जलपर्णी उपयोगी आहे, तिचे खत होते, गॅस होतो, टोपल्या होतात, ती पाणी शुद्ध करते, असेही सांगितले जाते. बांगलादेशात तिच्या कुजलेल्या थरांवर तरंगत्या वाफ्यांची शेती करतात आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१५ मध्ये त्या शेतीला जागतिक महत्त्वाचा वारसा म्हणून मान्यता दिली. त्या शेतकऱ्यांच्या हिकमतीला सलामच. पण ज्यांच्या दारात पाणी सहा-सहा महिने हलत नाही, त्यांनी संकटातून काढलेली ती वाट आहे. संकट मुद्दाम आणून ती वाट काढायचे कारण नाही. जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, म्हणजे शंभर किलो ओले ओढून काढले तर हातात सुके पाच-सात किलो उरते. मजुरी, वाहतूक आणि जागा यांचा हिशेब मांडल्यावर ‘उद्योग’ हा शब्द फार काळ टिकत नाही. आणि पाणी शुद्ध होते ते रोप वेळेत उचलले तरच. तिथेच कुजले तर शोषलेले सगळे व्याजासकट पाण्यात परत येते.

कीटकांचा उपाय जास्त आदराने घ्यायला हवा. जलपर्णीच्या मूळ देशातले नियोकेटिना प्रजातीचे भुंगेरे १९८२ मध्ये बंगळुरूला आणले गेले, चाचण्यांनंतर कर्नाटकातल्या तलावांत सोडले गेले आणि काही तलाव त्यांनी दोन-तीन वर्षांत बऱ्यापैकी मोकळे केले. केरळातल्या ‘आफ्रिकन पायल’वर अशाच एका भुंगेऱ्याने मात केली. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात १९९५ नंतर सोडलेल्या भुंगेऱ्यांनी मोठे काम केले, जरी तिथल्या वादळी लाटांचाही त्यात वाटा होता. पण भुंगेऱ्याला सलग, टिकून राहणारी रोपे लागतात. जिथे पाणी चढते-उतरते, रोपे काठावर वाळतात, आणि दर दोन वर्षांनी कंत्राटदार यंत्र लावून रोपांबरोबर भुंगेरेही ट्रकमध्ये भरतो, तिथे त्यांचा संसार बसत नाही. हिंगोलीसारख्या चढ-उताराच्या पाण्याला म्हणूनच हा उपाय एकट्याने पेलणारा नाही. तो रोप आल्यानंतरचा उपाय आहे, आणि इथे चर्चा त्याआधीच्या टप्प्याची आहे.

राखण करायची कोणी, यावर मात्र घोडे अडते. धरण जलसंपदा विभागाचे, छोटा तलाव जिल्हा परिषदेचा, गावाचा तलाव नगरपरिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा, त्यातले मासे मत्स्यव्यवसाय विभागाचे, शेततळे शेतकऱ्याचे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परक्या जातींचा उल्लेख प्रथमच आला आणि त्यांची आयात, व्यापार, बाळगणे यांवर बंधने घालण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. शंभर वर्षांपूर्वीच्या ब्रह्मदेशाच्या कायद्याशेजारी तो ठेवला तर प्रवास कळतो, आणि दोन्हींची मर्यादाही: दिल्लीतला अधिकार सिद्धेश्वरच्या काठापर्यंत चालत येत नाही. तिथे चालते ते करारपत्र. तलाव मच्छीमार संस्थेला ठेक्याने दिला जातो तेव्हा मत्स्यबीज कोणत्या पाण्यातून आणले हे तपासण्याची आणि बाहेरची जाळी-तराफे वाळवून आत घेण्याची अट त्या करारात बसू शकते. गाळ नेण्याची परवानगी देताना तलावात पूर्वी जलपर्णी होती का, एवढा एक प्रश्न अर्जावर छापता येतो. उत्तर ‘हो’ असेल तर तो गाळ पाण्यापासून दूरच्या शेतात न्यायचा, शेततळ्याच्या काठी नाही. हा बंगालसारखा सगळा भार गरिबाच्या डोक्यावर टाकण्याचा प्रकार होईल, अशी शंका कोणी घेईल. दंडाची भाषा आली तर तसे होईलही. पण जलपर्णीने पहिले पोट मारले जाते ते मासेमारी करणाऱ्या भोयाचेच: जाळे टाकता येत नाही, तराफा हलत नाही, पाण्यातला प्राणवायू घटून मासे मरतात. बंगालच्या रयतेला पसरलेले रोप काढायला लावले होते. इथे न आलेले रोप येऊ न देण्याची गोष्ट आहे, आणि त्याला लागतात तपासायला दोन माणसे आणि वाळवायला दोन दिवस.

ते दोन दिवसही एकेकाळी भोयांच्या कामातच धरलेले होते. जाळी सुती होती तोवर ती रोज वाळत घालावी लागत, नाहीतर कुजत. काठावर बांबूंवर पसरलेली जाळी हे प्रत्येक मासेमारी गावाचे ओळखीचे दृश्य होते. जाळे एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाई ते मधले ऊन खाऊनच. साठ-सत्तरच्या दशकांत नायलॉन आले. ते कुजत नाही, त्यामुळे सुतासारखे रोज वाळवण्याची निकड उरली नाही. ओलेच गुंडाळायचे, पोत्यात भरायचे आणि मोटारसायकलला मागे बांधून पुढच्या तलावावर जायचे. येलदरी-सिद्धेश्वरची धरणे बांधली गेली त्याच काळात हेही घडले. एकीकडे नदीचे कोरडेपण गेले, दुसरीकडे जाळ्याचे.